तुमच्या गच्चीवरच्या सोलरचा इतिहास: पॅनेलची गोष्ट आणि मीटरची गोष्ट

ट्रेनमध्ये, बसमध्ये, जिममध्ये, जिथे कुठे असाल तिथे हेडफोन लावून हा भाग ऐकताय त्याबद्दल थँक यू. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग इथे लिहून देतोय. आज आकडे जरा जास्त आहेत. बोलताना ते पटापट निघून जातात, इथे शांतपणे बघता येतील.

हल्ली मला मित्रांचा एक मेसेज फार येतो: "अरे, तू इंजिनियर आहेस ना? घरावर सोलर बसवायचंय, किती किलोवॅटचं घेऊ?" आता मी सॉफ्टवेअरवाला. माझा आणि पॅनेलचा थेट संबंध नाही. पण आमच्या सातारा जिल्ह्यातल्या घरासाठी आईबाबांनी हेच काम माझ्यावर टाकलं, तेव्हा मी कोटेशनं मागवली आणि सवयीप्रमाणे हे सगळं सुरू कुठून झालं ते वाचत बसलो. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आपण सगळे पॅनेलबद्दल विचारतो. पॅनेल कुठल्या कंपनीचं, किती वॅटचं, काळं की निळं. पण घरावरच्या सोलरचा इतिहास बघितला तर फायदा-तोट्याचा फैसला बहुतेक वेळा एका वेगळ्याच डब्यात झालाय. तो डबा म्हणजे जिन्याखाली लावलेला मीटर.

तर आज दोन गोष्टी सांगतो. एक पॅनेलची, एक मीटरची. आणि शेवटी त्या दोन्ही आपल्या गच्चीवर आणून ठेवतो.

कुलाब्यातला सूर्य

सुरुवात आपल्या मुंबईतून करू. साल १८७८. विल्यम अॅडम्स नावाचा एक इंग्रज अधिकारी मुंबईत नोकरीला होता. त्या काळी मुंबईत कोळसा महाग आणि लाकूडही महाग. डोक्यावर ऊन मात्र फुकट. या माणसाने सपाट आरशांची एक मोठी रचना केली आणि सगळं ऊन एका ठिकाणी एकवटलं. आधी त्यावर स्वयंपाक करून बघितला. जानेवारी महिन्यात सात सैनिकांचं जेवण दोन तासांत शिजलं. मग आरसे वाढवून वाफेचं बॉयलर तापवलं आणि अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन चालवून दाखवलं. त्याचा प्रयोग बघायला कुलाब्यातल्या त्याच्या बंगल्यावर लोक येत होते. उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरता येईल, असं सांगणारं त्याचं पुस्तकही त्याच वर्षी मुंबईत छापलं गेलं.

पण एक फरक इथेच लक्षात घ्या. अॅडम्सने वीज केली नव्हती, त्याने उष्णता वापरली. आजही आपल्याकडे "सोलर आहे की आमच्याकडे" असं कुणी म्हटलं, तर बऱ्याचदा गच्चीवर पाणी तापवणाऱ्या नळ्या असतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७९ साली व्हाइट हाउसच्या छतावर ३२ पॅनेल बसवली, ती पण पाणी तापवणारीच होती. पुढे रेगन यांच्या काळात, १९८६ साली, ती उतरवली गेली. पाणी तापवणं आणि वीज करणं ही दोन वेगळी तंत्रं आहेत, दोन वेगळे खर्च आहेत. आज आपण विजेबद्दल बोलतोय.

सोन्याचा मुलामा दिलेलं छत

विजेची गोष्ट १८३९ साली फ्रान्समध्ये सुरू होते. एडमंड बेकरेल हा १९ वर्षांचा मुलगा वडिलांच्या प्रयोगशाळेत द्रावणात धातूचे पत्रे बुडवून प्रयोग करत होता. प्रकाश पडला की थोडी वीज निर्माण होते, हे त्याला दिसलं. १९ वर्षांचा! त्या वयात आपण इंजिनियरिंगच्या एम-थ्रीची केटी सोडवत असतो.

पुढे १८८४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स फ्रिट्सने सेलेनियमवर सोन्याचा अगदी पातळ थर देऊन सेल बनवले आणि ते एका छतावर मांडले. जगातलं हे पहिलं रूफटॉप सोलर. पण उन्हाच्या १०० भागांतून वीज मिळायची जेमतेम एक भाग. त्याच शहरात एडिसनचं कोळशावरचं वीजकेंद्र १८८२ पासून सुरू होतं. सोन्याचं छत कोळशापुढे टिकणार कसं?

मग ७० वर्षं मोठं काही घडलं नाही. २५ एप्रिल १९५४ ला अमेरिकेतल्या बेल लॅब्जने सिलिकॉनचा सोलर सेल जगाला दाखवला. डॅरिल चॅपिन, कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअरसन या तिघांचं हे काम. क्षमता सहा टक्के. त्यावर त्यांनी एक छोटा खेळण्यातला पाळणा फिरवून दाखवला. आज तुमच्या गच्चीवर जे पॅनेल लागतं ते याच सिलिकॉन सेलच्या घराण्यातलं.

आता गंमत ऐका. यातल्याच चॅपिनने एक हिशोब केला. एका घराला लागणारी वीज या सेलमधून घ्यायची तर खर्च किती येईल? १९५६ च्या भावाने एका वॅटला २८६ डॉलर. घरासाठी पाच किलोवॅट, म्हणजे ५,००० वॅट. उत्तर आलं १४ लाख ३० हजार डॉलर! घरावरच्या सोलरचं हे बहुधा पहिलं कोटेशन असेल. आणि ते बघून कुठल्याही माणसाने जे केलं असतं तेच जगाने केलं. हात जोडले आणि विषय बंद.

आधी अवकाश, मग समुद्र, मग गाव

एवढी महाग वस्तू कोण घेणार? ज्याच्याकडे दुसरा पर्याय नाही तो. १७ मार्च १९५८ ला व्हॅनगार्ड-१ हा छोटासा उपग्रह अवकाशात गेला. त्यात दोन ट्रान्समीटर होते, एक साध्या बॅटरीवर आणि एक सोलर सेलवर. बॅटरीवाला त्याच वर्षी बंद पडला. सोलरवाला १९६४ पर्यंत सिग्नल पाठवत राहिला. अवकाशात वायर नेता येत नाही, म्हणून तिथे २८६ डॉलरसुद्धा परवडले.

१९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि स्वस्त सेलची गरज जमिनीवरही जाणवायला लागली. एलियट बर्मन या शास्त्रज्ञाने, एक्सॉन या तेल कंपनीच्याच पैशावर, सेल बनवायचा खर्च वॅटला १०० डॉलरवरून २० डॉलरवर आणला. पहिलं मोठं गिऱ्हाईक कोण मिळालं? समुद्रातले तेलविहिरींचे प्लॅटफॉर्म! रात्री जहाजांना दिसण्यासाठी तिथे दिवे लागायचे आणि किनाऱ्यावरून वायर टाकणं अशक्य होतं.

आपल्याकडेही साधारण हाच क्रम दिसतो. सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने १९७७ साली देशातला पहिला सोलर सेल तयार केला आणि पुढच्या वर्षी पहिलं पॅनेल. त्यानंतर बरीच वर्षं सोलर म्हणजे वायर न पोचलेल्या वस्तीवरचा रस्त्याचा दिवा, पाण्याचा पंप, कंदील. पॅनेल आणि सोबत बॅटरी. सोलरवाले ज्याला आज "ऑफ-ग्रिड" म्हणतात, ते हेच.

म्हणजे बघा, तोपर्यंत सोलर हे वायर नसलेल्यांसाठी होतं. तुमच्या-माझ्या घरी वायर आहे. मग आपल्याला सोलर परवडायला लागलं कसं? इथे मीटरची गोष्ट सुरू होते.

उलटी फिरणारी चकती

जुने मीटर आठवतात? काचेच्या आत एक अॅल्युमिनियमची चकती फिरायची. फ्रीज, मिक्सर, इस्त्री एकदम लावली की जोरात पळायची. लहानपणी मी ती बघत उभा राहायचो. या चकतीची एक खोड होती. वीज उलट्या दिशेने, म्हणजे घरातून बाहेर गेली, तर ती उलटी फिरू शकायची.

१९७९ च्या सुमारास बॉस्टन परिसरात स्टीव्हन स्ट्राँग या आर्किटेक्टने एका निवासी इमारतीवर सोलर पॅनेल लावली. दुपारी वीज जास्त झाली की मीटर उलटा फिरायचा. इमारत वीज विकत घेण्याऐवजी परत देत होती आणि बिलातले युनिट कमी होत होते. या प्रकाराला पुढे नेट मीटरिंग हे नाव पडलं. १९८३ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने ४० किलोवॅटपेक्षा लहान प्रकल्पांसाठी तसा कायदाच केला.

याचा अर्थ नीट समजून घेऊ. सोलरची वीज दुपारी जास्त बनते. आपण वापरतो संध्याकाळी आणि रात्री. मधल्या काळात ती ठेवायची कुठे? बॅटरी महाग. नेट मीटरिंगने सांगितलं, वीज कंपनीच्या तारांवर ठेवा. दुपारी १० युनिट दिले, रात्री १० परत घेतले, हिशोब बरोबर. जणू गावातलं सगळं वीजजाळं ही तुमची फुकटची बॅटरी झाली. माझ्या भाषेत सांगायचं तर तंत्र तेच राहिलं, दोन सिस्टीम जोडणारा एपीआय बदलला, आणि अख्खं गणित फिरलं.

त्याच दशकात स्वित्झर्लंडमध्ये मार्कुस रेआल या इंजिनियरने ज्यूरिकमध्ये एक धाडस केलं. तेव्हा मोठमोठी सोलर केंद्रं बांधायचा विचार चालला होता. तो म्हणाला, एक मोठं केंद्र कशाला? ३३३ घरं घ्या, प्रत्येक छतावर तीन किलोवॅट लावा, झाला एक मेगावॅट. जागा विकत घ्यायला नको, वायर आधीच घरापर्यंत आलेली आहे. आज देशोदेशीच्या रूफटॉप योजना याच विचारावर चालतात.

जर्मनीने भाव दिला, चीनने भाव पाडला

जपानने १९९४ साली घरांसाठी सबसिडी सुरू केली, सुरुवातीला जवळजवळ निम्म्या खर्चाची. जर्मनीने वेगळा रस्ता धरला. २००० सालच्या त्यांच्या कायद्याने सांगितलं, छतावरच्या सोलरच्या प्रत्येक युनिटला वीज कंपनीने ९९ फेनिग द्यायचे, आणि तोच भाव २० वर्षं टिकणार. लोक घरात जी वीज विकत घेत होते तिच्या तिपटीहून जास्त हा भाव होता! साहजिकच शेतकऱ्यांच्या गोठ्यांपासून चर्चपर्यंत सगळीकडे पॅनेल चढली.

ही मागणी बघून कारखाने कुठे उभे राहिले? चीनमध्ये. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात प्राध्यापक मार्टिन ग्रीन यांच्याकडे शिकलेले शी झेंगरोंग यांनी २००१ मध्ये सनटेक कंपनी काढली. मग अशा कंपन्यांची रांग लागली. जगातलं एकूण उत्पादन दुप्पट झालं की पॅनेलची किंमत साधारण २० टक्क्यांनी उतरते, हा नियम दशकानुदशकं दिसत आलाय. चॅपिनचे २८६ डॉलर कुठे, आणि आज घाऊक बाजारात वॅटला २५ सेंटपेक्षाही कमी कुठे!

आपल्याकडे

भारतात जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सोलर मिशन सुरू झालं, २०२२ पर्यंत २० गिगावॅट हे ध्येय ठेवून. २०१५ मध्ये ते १०० गिगावॅट केलं, त्यातले ४० छतांवर. त्याच वर्षी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे नियम आणले आणि २०१९ मध्ये त्या जागी नवे नियम आले. म्हणजे घरावरचं सोलर आपल्या राज्यात कायदेशीर हिशोबात येऊन अजून १५ वर्षंही झालेली नाहीत.

मग फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना आली. एक कोटी घरांचं लक्ष्य. सबसिडी अशी: पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. एकूण जास्तीत जास्त ७८,०००. तीन किलोवॅट घ्या की पाच, की दहा, ७८,००० च्या वर एक रुपया नाही. हा आकडा जरा डोक्यात ठेवा, लगेच लागणार आहे.

मीटरचं दुसरं पान

पण त्याआधी कॅलिफोर्नियाला एक चक्कर मारू. तिथे इतक्या छतांवर सोलर झालं की दुपारी वीज नको इतकी आणि संध्याकाळी सात वाजता टंचाई, अशी परिस्थिती आली. दुपारच्या युनिटची किंमत आणि रात्रीच्या युनिटची किंमत सारखी धरणं वीज कंपन्यांना जड जायला लागलं. ज्यांच्या छतावर सोलर नाही त्यांच्यावर तारांचा खर्च पडतो, असाही मुद्दा होता. १५ एप्रिल २०२३ पासून तिथे नवीन ग्राहकांसाठी नियम बदलला. बाहेर पाठवलेल्या युनिटचा मोबदला सुमारे ७५ टक्क्यांनी घसरला. पॅनेल तेच, ऊन तेच, छत तेच. फक्त मीटरचा नियम बदलला, आणि परतफेडीची वर्षं वाढली. ज्यांनी आधीच जोडणी घेतली होती त्यांना जुने नियम २० वर्षं राहिले. नवे लोक मात्र पॅनेलसोबत बॅटरी घ्यायला लागले.

जर्मनीतही भाव कायम ९९ फेनिगचा राहिला नाही, नव्या ग्राहकांसाठी तो टप्प्याटप्प्याने उतरत गेला. सुरुवातीला लोकांनी यावं म्हणून नियम उदार असतात. गर्दी झाली की ते आवळले जातात. पॅनेल २५ वर्षं टिकतं. त्या २५ वर्षांत नियम अनेकदा बदलतील, असं धरूनच आपण प्लॅन करायला हवा.

आता आपली गच्ची

आमच्या घरासाठी आलेल्या कोटेशनांपैकी एकात पाच किलोवॅट सुचवलं होतं. कारण विचारलं तर उत्तर आलं, "गच्ची मोठी आहे ना साहेब." हे कारण कसं चालेल?

मी बाबांकडून १२ महिन्यांची बिलं मागवली. एका महिन्याचं नाही, बाराही. मे महिन्यात पंखे-कूलर, डिसेंबरमध्ये गिझर, प्रत्येक महिना वेगळा असतो. बेरीज आली ३,९०० युनिट. आपल्याकडे एक किलोवॅटचं पॅनेल वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं, पावसाळ्यातली घट धरून. ३,९०० भागिले १,४०० म्हणजे २.८. झालं तीन किलोवॅट. पाच घेतलं असतं तर वर्षाला ७,००० युनिट, म्हणजे ३,१०० जादा.

त्या जादा युनिटचं काय होतं? महिन्याचे उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात. पण आर्थिक वर्ष संपताना जे शिल्लक असतील त्याचे पैसे आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात, आणि तो दर आपण वीज घेतो त्यापेक्षा बराच कमी असतो. शिवाय सबसिडी तीनच्या पुढे वाढत नाही. म्हणजे वरच्या दोन किलोवॅटचा पूर्ण खर्च बाबांच्या खिशातून. तीन किलोवॅटला सबसिडीआधी साधारण दीड ते दोन लाख लागतात. रिटायर झालेल्या माणसाच्या फंडातून आणखी लाखभर काढायचे, तर "गच्ची मोठी आहे" एवढं पुरत नाही. हां, दोन वर्षांत इलेक्ट्रिक स्कूटर किंवा एसी येणार असेल तर ते युनिट आत्ताच धरा.

आईचा प्रश्न वेगळा होता: "लाईट गेली तरी आपली चालू राहील ना?" हा प्रश्न भल्याभल्यांना सुचत नाही. उत्तर आहे, नाही. साधं ऑन-ग्रिड सोलर लाईट गेली की भर उन्हातसुद्धा बंद पडतं. यात बिघाड काही नाही, ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं. खांबावर वायरमन काम करत असेल आणि तुमच्या छतावरून तारेत करंट गेला तर त्याचा जीव जाईल. म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून तुटतो. लाईट गेल्यावरही वीज हवी तर बॅटरीवालं हायब्रिड लागतं आणि खर्च वाढतो. आमच्याकडे लाईट जाते, पण तासाभरात येते. जुना इन्व्हर्टर आणि बॅटरी पुरेशी आहे असं ठरलं. तुमच्याकडे रोज चार तास जात असेल तर तुमचं उत्तर वेगळं येईल.

तिसरी गोष्ट सावलीची. पॅनेल एका माळेत जोडलेली असतात. एकावर टाकीची सावली पडली तर नुकसान त्या एकापुरतं राहीलच असं नाही, माळेतली बाकीचीही मंदावू शकतात. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि सावल्या लांबतात. म्हणून मे महिन्यात मोकळी दिसणारी जागा डिसेंबरात मोकळी असेलच असं नाही. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, कल साधारण आपल्या अक्षांशाइतका, म्हणजे साताऱ्याला १७-१८ अंश, नागपूरला २१. एका किलोवॅटला १०० चौरस फुटांच्या आसपास मोकळी जागा धरा. शेजारच्या प्लॉटवर उद्या दोन मजले चढणार असतील तर तेही आजच विचारून ठेवा.

आणि शेवटचं, मीटरचा करार. वीज कंपनीबरोबर जो नेट मीटरिंगचा करार होतो तो स्वतः वाचा. किती वर्षांचा आहे, शिल्लक युनिटचा हिशोब कधी होतो, स्थिर आकार किती राहतो, नियम बदलला तर जुन्या ग्राहकाचं काय, हे सगळं बघा. "बिल झिरो" अशी जाहिरात असली तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. पॅनेलची वॉरंटी वाचणारे पुष्कळ आहेत, करार वाचणारे कमी.

माझं सांगणं एवढंच. सोलर घ्या, नक्की घ्या. १९५६ साली १४ लाख डॉलरला पडणारी गोष्ट आज मध्यमवर्गीय घराला परवडते आहे. फक्त जी वीज तुम्ही स्वतः वापरणार आहात तिच्या मापाने घ्या. स्वतः वापरलेल्या युनिटची बचत तुमच्या हातात असते. बाहेर पाठवलेल्या युनिटचा भाव दुसरं कुणीतरी ठरवत असतं, आणि तो कधी बदलेल हे तुमच्या हातात नसतं.

बिलं काढा, बेरीज करा आणि मगच सोलरवाल्याला फोन लावा. घरी आईबाबांना हे समजावून सांगायचं असेल तर हा भाग त्यांना पाठवा, शक्यतो बिलांच्या फाईलसकट! भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.